दाराच्या डावीकडचं मडकं

हे कोणाला सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलं आहे. रागावून नाही, भात वाढताना, ताटाकडे बघत, हळू आवाजात. म्हणून मी सांगत नाही, वहीत लिहिते आहे. 'मी' असं लिहिलं की माझा हात अडतो. तेव्हा त्या दिवशी स्वयंपाकघरात जी मुलगी होती तिला मी निकेनच म्हणणार, वर्गात हजेरी घेताना म्हणतात तसं.

त्या मंगळवारी सकाळी निकेनला एकच काम होतं, नारळ खोवायचे. गावात जमिनीची मोजणी होती. आजवर केडुंगलोरमध्ये कोणाच्याच भाताच्या खाचराला कागद नव्हता. कोणाचं काय ते सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि जिथे दोघांची हद्द लागे तिथे लाल पानांची अंदोंगची झाडं लावलेली असायची. अंदोंगला कोणी हात लावत नाही. बकरीने खाल्लं तरी बकरीचा मालक येऊन नवं लावून जातो. आता मात्र सरकारी माणसं येणार होती, फीत धरणार होती, सिमेंटच्या खुंट्या पुरणार होती. हद्दीवर दोन्हीकडच्या मालकांनी उभं राहून बोट दाखवायचं, एवढाच नियम होता.

निकेनची आजी जाऊन चाळीस दिवस झाले होते. जाण्याआधी तिने वाटणी करून दिली होती. वरची दोन खाचरं थोरल्या सागिमानला, म्हणजे निकेनच्या बाबांना. जुनं घर आणि त्याच्या खालचं खाचर धाकट्या मुर्सिनाआत्याला, कारण अकरा वर्षं आजीची उठबस तिनेच केली होती. मधोमध अंदोंगची नऊ झाडं. आजीने बाजेवर बसून ती लावून घेतली आणि बहीण-भावाला एकाच तांब्यातून पाणी घालायला लावलं.

"मोजणीवाल्यांना जेवायला घालायचंय," बाबा त्या सकाळी म्हणाले. "तुझ्या आत्याच्या हातचं सगळ्यांना आवडतं. तू तिच्या मदतीला बस. आणि ऐक, तिला बाहेर येऊ देऊ नकोस. उन्हात चक्कर येते तिला."

आत्या भर उन्हात दिवसभर वाकून रोपं लावायची. तिला कधी चक्कर आलेली निकेनने पाहिली नव्हती. तरी ती "बरं" म्हणाली.

चढावरच्या आपल्या घरातून ती आत्याकडे निघाली आणि वाटेत थांबली. अंदोंगची झाडं काल होती तिथे नव्हती. ती जुन्या घराच्या पलीकडे गेली होती, म्हणजे घर आता बाबांच्या बाजूला आलं होतं. तिने मोजली. नऊच होती. मूळ हललं की पान जसं मान टाकतं, तशी सगळ्यांची पानं पडलेली. बुंध्यापाशी माती काळी, ओली. एक झाड तर थेट घराच्या दाराला लागून, डाव्या अंगाला लावलेलं.

निकेन मागच्या दाराने आत गेली.

"काय गं, नारळ खोवतेस की त्याला गुदगुल्या करतेस?" आत्या चुलीपाशी हसत होती. "अशाने तुझा नवरा उपाशी मरेल."

"आत्या..."

"काय?"

"काही नाही."

"ते आले की मला हाक मार हं. बोट दाखवायला जायचंय मला." आत्याने उजव्या हाताचं बोट पुढे केलं. ते लिंबाने घासघासून तिने पांढरं केलं होतं. "हळदीचं बोट सरकारी माणसाला काय दाखवायचं! म्हणतील, ही हद्द दाखवतेय की वरण ढवळतेय."

निकेनने दुसरा नारळ पुढ्यात ओढला.

ऊन वर आल्यावर बाहेर माणसांचे आवाज आले. निकेनने तिसऱ्यांदा विचारलं, "आत्या, पीठ कसं फेटायचं ते परत दाखव ना." आत्याने परत दाखवलं. मग हातोड्याचा आवाज आला. ठक. ठक. आत्याचा हात पिठात थांबला.

"ठोकायला लागले की काय?"

"शेजारचं असेल," निकेन म्हणाली.

एवढंच ती बोलली. आत्याने तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा पीठ फेटायला लागली.

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली तेव्हा माणसं पंगतीला बसली होती. "साहेब, मी दाखवते ना हद्द," ती म्हणाली. बोट अजून तसंच पुढे होतं.

"झालं की, मावशी," मोजणीवाला म्हणाला. "तुमचा अंगठा आहे कागदावर. कालच भावाने आणून दिला."

काल बाबांनी आजीच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी म्हणून आत्याचा अंगठा घेतला होता. शाईचा डबा निकेननेच धरला होता.

आत्याने भावाकडे पाहिलं. तो उकडलेलं अंडं सोलत होता, कवचाचा बारीकसुद्धा तुकडा राहू नये इतकं जपून. मग आत्याने सगळ्यांना वाढलं. कोणाला काय हवं, नको, तेही विचारलं. मोजणीवाले जाताना ती हसलीसुद्धा.

संध्याकाळी तिने रात्रीचे तांदूळ धुतले आणि धुवणाचं पाणी वाडग्यात घेऊन दाराशी गेली. हे ती रोज करायची. आमच्याकडे बाळ झालं की त्याच्या मागून पडलेली वार मडक्यात घालून बाप ती घराच्या दाराशी पुरतो, मुलाची उजवीकडे, मुलीची डावीकडे, आणि पस्तीस दिवस वर दिवा ठेवतो. ते बाळाचं धाकटं भावंड. बाळ वाढतं, चालतं, शाळेत जातं; ते मात्र तिथेच राहतं. पस्तीस दिवसांनंतर सगळे विसरतात. आत्या विसरली नव्हती; तिचं स्वतःचं मडकं याच दाराशी पुरलेलं होतं. रोज दिवेलागणीला डावीकडे पाणी ओतून ती म्हणायची, "घे बाळा, मी घरात आहे."

त्या दिवशी तिथे अंदोंग उभं होतं. आत्याने वाडगा खाली ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "मडकं?"

"खोदताना लागलं. फुटलं."

"मग?"

"ओढ्यात सोडलं. काय करणार मग?"

ओढ्यात तेव्हा सोडतात, जेव्हा मूल दूर जावं, परत येऊ नये असं वाटतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आत्याचा आवाज चढला नाही.

"विचारायचं तरी होतंस."

"तू एकटी, मुरी. तुला एवढं घर कशाला? निकेनचं शिक्षण आहे पुढे, तिला शहरात ठेवायचंय. तिच्यासाठीच केलं ना सगळं."

तेव्हा आत्या वळली. "ठोकणं शेजारचं होतं, नाही का गं?" ती निकेनला म्हणाली.

निकेनला अजूनही रोज ते वाक्य ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या एक पिशवी घेऊन किनाऱ्याकडच्या मावसबहिणीकडे निघून गेली. जाताना तिने निकेनचे केस कानामागे सारले. "इथं पाणी ओतू नकोस," ती हळूच म्हणाली. "कितीही वाईट वाटलं तरी. तुझं नाही ते."

आठवड्याने निकेनचे आईबाबा आणि निकेन जुन्या घरात राहायला आले. तीनच माणसं, निकेन एकुलती एक.

पहिल्या संध्याकाळी मशिदीतली मगरिबची बांग संपली आणि घरात ओढ्याचा वास आला. कुजलेली पानं, चिखल, थंड दगड. सकाळी पाहिलं तर दाराशी लावलेलं अंदोंग तिथे नव्हतं. ते जुन्या हद्दीवर, आजीने लावून घेतलं होतं नेमकं तिथे उभं होतं. मुळांतून पाणी ठिबकत होतं.

"बदकांनी उपटलं असेल," बाबा म्हणाले.

"उपटलं असेल, पण बदकं झाडं लावायला कधीपासून शिकली?" आई म्हणाली.

बाबांनी ते परत दाराशी आणून लावलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हद्दीवर. तिसऱ्या दिवशी बाबांनी ते तोडून चुलीत घातलं. ते जळलं नाही, नुसतं धुमसत राहिलं, आणि धुराला ओल्या मातीचा वास होता.

त्या संध्याकाळी निकेनला दाराबाहेर डावीकडे जमिनीवर एक ओला गोल दिसला. भरलेलं मडकं ठेवून उचललं की जसा उमटतो, तसा. पाऊस नव्हता. दुसऱ्या दिवशी तसाच गोल उंबऱ्यावर होता. तिसऱ्या दिवशी उंबऱ्याच्या आत. बाबा पायाने पुसून टाकायचे, आणि पुढच्या दिवेलागणीला तो एक वीत पुढे सरकलेला असायचा. बाजेच्या दिशेने. आईने बाज भिंतीला सरकवली. गोलही वळला.

आठव्या दिवशी तो बाबांच्या उशाखालच्या जमिनीवर होता. त्या रात्री बाबा बसूनच होते, पाय पोटाशी घेऊन. पहाटे आईने विचारलं, "तुम्हाला... कोणी ताई म्हणाल्यासारखं ऐकू आलं का?"

बाबांनी मान हलवली. हो की नाही, ते निकेनला कळलं नाही.

निकेनला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त तिला लाज वाटत होती. ओढ्यात टाकून दिलेलं एक लहान पोर रोज चालत घरी येतंय, आणि ज्या बहिणीला शोधतंय तिला यांनीच घालवून दिलंय, असं तिच्या मनात येई. शेवटी एका संध्याकाळी तिने धुवणाचं पाणी वाडग्यात घेतलं, दाराबाहेर डावीकडे ओतलं आणि तोंडात आलं ते म्हणाली.

"घे बाळा. मी घरात आहे."

माती चटकन पाणी प्यायली. तान्हं मूल घोट घेतं तसा बारीक आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून घरात ओल दिसली नाही. बाबा पाय पसरून झोपले. आणि तिसऱ्या संध्याकाळी ते स्वतः वाडगा भरून घेऊन आले. "जा, ओतून ये," ते निकेनला म्हणाले. "तू ओतलंस की शांत राहतं." त्यानंतर एकही दिवस त्यांनी चुकू दिला नाही. तांदूळ शिजायचे नसले, तरी पाण्यासाठी मूठभर धुवायला लावायचे.

काल निकेनने शाळेतल्या मैत्रिणीचा फोन मागून घेतला आणि आत्याला लावला.

"आत्या, मी पाणी ओतलं."

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता.

"किती वेळा?"

"सतरा."

"अगं पोरी..." आत्या म्हणाली. "मी तीनदा शहरात कामाला गेले होते, माहीत आहे तुला? तीनदा परत आले. बसमध्ये बसलं की मागून हाक यायची. जो पाणी देतो, त्याचं ते भावंड होतं. मग ते त्याला लांब जाऊ देत नाही. मला आता हाक येत नाही, निकेन. महिना होऊन गेला. मी इतकी गाढ झोपते की मलाच..." ती थांबली. रडत असावी.

"बाबांना माहीत नसेल," निकेन म्हणाली.

"दादाला? आई मला हे सांगत होती तेव्हा तो शेजारी जेवत बसला होता."

आत्या आणखी बरंच बोलली. काय करायचं, काय नाही. निकेन घरी आली तेव्हा बाबा कौलं बघत होते. तिला म्हणाले, "शहरातल्या शाळेचं राहू दे या वर्षी. इथलीच शाळा काय वाईट आहे?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. जेवताना अंडं मात्र तिला सोलून दिलं, कवचाचा एक तुकडाही न ठेवता.

हे सगळं कालपर्यंतचं. आता निकेन म्हणून लिहायला जमत नाही.

बांग होऊन गेली आहे. वाडगा माझ्या वहीशेजारी भरलेला आहे, बाबांनी आणून ठेवलाय. आज मी तो ओतणार नाही, असं ठरवलं आहे. ओढ्याचा वास येतो आहे. मघाशी कोणीतरी ताई म्हणालं. लहान, ओला आवाज. मी हाताने कान झाकले आणि लिहीत राहिले. आता परत म्हणालं. या वेळी बाबांनीही ऐकलं असावं, कारण ते दारात येऊन उभे राहिले आहेत आणि अंगणाकडे बघत म्हणतायत, "ऊठ, निकेन. तुला बोलावतंय ना."

आले बाबा, म्हटलं, एवढं वाक्य पुरं करते. ते लिहून ठेवायलाच हवं, कारण आत्याने फोन ठेवताना ते दोनदा सांगितलं होतं, की बाहेरून हाक आली तर घाबरू नकोस, ओ देऊ नकोस, बसून राहा, पण हाक जर डावीकडून न येता तुझ्या पाठीमागून, घराच्या आतून आली, तर