बद्द वाजलेली नाणी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर बघा, नाही तर सोडून द्या. माझी कुणावर जबरदस्ती नाही.

आणि आधीच सांगून ठेवतो. यात काळोखी रात्र नाही, वादळ नाही, स्मशान तर नाहीच नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं. उन्हाळ्यात, लोक जेवून आडवे होतात त्या वेळेला.

घडलं माझ्या धाकट्या मामाच्या बाबतीत. त्यानं ते आम्हाला एकदाच सांगितलं, तेही भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. मध्ये ना त्याचा गळा दाटला, ना डोळे भरले. म्हणूनच मला ते जास्त खरं वाटतं.

मामा सरकारी टांकसाळीत होता. नाणी वाजवून बघायचं त्याचं काम.

म्हणजे कसं, तर समोर एक लोखंडी ऐरण. यंत्रातून निघालेलं चांदीचं नाणं वरून तिच्यावर टाकायचं आणि कान द्यायचा. चांगलं नाणं खणखणीत वाजतं. आत चीर असेल, हवेचा फुगा राहिला असेल, तर बद्द वाजतं. बद्द नाणं बाजूच्या पेटीत टाकायचं. पेटी भरली की सगळी चांदी परत भट्टीत.

त्या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अशी तिथली पद्धत होती. ज्यानं नाणं नाकारलं त्यानंच ते मुशीत ओतायचं, सगळ्यांसमोर. मूस म्हणजे भट्टीतलं चांदी वितळवायचं भांडं. चांदी मधल्यामध्ये गडप होऊ नये, एवढाच त्यामागचा हिशेब.

मामाचे कान इतके तयार झाले होते की घरात कपबशी घेतानाही तो टिचकी मारून बघायचा. त्याचं लग्न जमत नव्हतं, तेव्हा आजी म्हणायची, "जमणार कसं? पोरगी दाखवायला नेली तर हा तिलाही फरशीवर आपटून बघेल."

घरात दोघंच. मामा आणि आजी. पूर्वी तिघं होती.

थोरला मामा राजवाड्यात हुजऱ्या होता. राजाची चांदीची भांडी उजळायची, पाणी द्यायचं, पुढे-मागे करायचं. मग राजा लढाई हरला. नवं सरकार आलं आणि राजाला जहाजात बसवून दूरच्या बेटावर कायमचं हद्दपार केलं. सोबत एक नोकर न्यायची परवानगी होती. वाड्यातली बाकीची मंडळी केव्हाच पसार झाली होती. उरला होता आमचा थोरला.

तो गेला.

पत्र पाठवायला बंदी. निरोपाला बंदी. माणूस जिवंत आहे की नाही, हेही कळायची सोय नव्हती. आजी रोज दुपारी दाराकडे तोंड करून बसायची. तिला एवढंच हवं होतं. थोरला परत यावा. निदान तो आहे, एवढं तरी कुणी सांगावं.

आणि धाकट्यानं काय केलं होतं? टांकसाळीत चौकशी झाली, राजाच्या माणसांपैकी कुणाचे नातेवाईक इथे आहेत का म्हणून. मामानं साहेबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मला भाऊच नाही."

नोकरी वाचली. त्यानं ते आजीला कधी सांगितलं नाही.

पुढे हुकूम आला. हद्दपारीची आठवण म्हणून नाणी पाडायची. एका बाजूला नव्या सरकारचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला हरलेला राजा जहाजाच्या फळीवर चढतोय, पाठमोरा. त्याच्या मागे डोक्यावर पेटी घेतलेला नोकर. चांदी कुठली? राजवाड्यातलीच. ताटं, तांबे, मेणबत्त्यांची झाडं, सगळं वितळवलं.

ठसा कोरणाऱ्या कारागिराला सगळे भिंगवाला म्हणायचे, कारण भिंग त्याच्या डोळ्याला चिकटूनच असायचं. त्यानं वर्तमानपत्रातला त्या दिवसाचा फोटो समोर ठेवून ठसा कोरला होता.

पहिलं नाणं हातात आलं आणि मामा जागच्या जागी थिजला.

नोकर तांदळाच्या दाण्याएवढा. तोंड दिसत नव्हतं. पण एक खांदा खाली, मान किंचित वाकडी... ती ठेवण त्यानं लहानपणापासून पाहिली होती.

त्यानं नाणं ऐरणीवर टाकलं. खणखणीत वाजलं. त्यानं ते चांगल्यांत ठेवलं आणि पुढचं उचललं. दुसरं काय करणार?

दोन-तीन दिवस असेच गेले.

मग एका दुपारी एक नाणं पडलं आणि...

आवाजच आला नाही.

बद्द वाजणं वेगळं. त्यालाही एक आवाज असतो, ओल्या मडक्यासारखा. इथे काहीच नाही. नाणं ऐरणीवर आपटलं, उडालं, गोल फिरून आडवं झालं. सगळं डोळ्यांना दिसलं. कानाला काही नाही.

त्यानं पुन्हा टाकलं.

काही नाही.

उचलून उजेडात धरलं, तर राजा होता. फळी होती. जहाज होतं. राजाच्या मागे मात्र कुणीच नव्हतं.

तो नाणं घेऊन भिंगवाल्याकडे गेला.

"हा नोकर कुठे गेला?"

भिंगवाल्यानं नाणं पाहिलं. मग उठून यंत्रापाशी जाऊन ठसा पाहिला. "ठशात तर आहे. छाप नीट उठली नसेल रे. टाक पेटीत."

"छाप नीट उठली नसती तर पुसट खूण तरी राहिली असती ना?"

"तुला काय एवढं पडलंय त्या नोकराचं? तुझा कोण लागतो?"

"कुणी नाही," मामा म्हणाला, आणि नाणं पेटीत टाकलं.

संध्याकाळी तो घरी आला. टेबलावर दोन कप होते. एक रिकामा, एक तसाच भरलेला, वर साय धरलेली.

"कोण आलं होतं?"

आजी हसत होती. किती दिवसांनी!

"थोरला."

मामा चप्पल काढता काढता थांबला.

"दुपारी डोळा लागला होता माझा. उघडून बघते तर खुर्चीत बसलेला. पाठ करून. मी चहा ठेवला. घेतला नाही. बोलला पण नाही. थकला असेल रे, केवढा लांबचा प्रवास."

मामानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तळवा हळूहळू बधिर होत गेला, हात उशाखाली घेऊन झोपल्यावर होतो तसा. बराच वेळ ती बधिरता गेली नाही.

त्याला भीती वाटायला हवी होती. आनंद तरी वाटायला हवा होता. आम्हाला सांगताना तो म्हणाला, "मला काहीच वाटलं नाही रे. मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो."

दुसऱ्या दिवशी तशी आणखी नाणी निघाली. त्याच्या पुढच्या दिवशी त्याहून जास्त. सगळ्यांमध्ये तेच. आवाज नाही, नोकर नाही.

आणि घरी आजी रोज नवं सांगायची.

"काल धूसर होता बघ. आज चांगला दिसला. वाळलाय."

"आज कितीतरी वेळ थांबला. मी त्याचं डोकं चेपून दिलं. पेटी वाहून वाहून खड्डा पडलाय रे टाळूला."

"बोलत मात्र नाही. रुसलाय. तू तरी एकदा ये ना लवकर. तुझ्याशी बोलेल."

आजी दोन घास जास्त खायला लागली होती. केस विंचरायला लागली होती. मामाला कळत होतं. पेटीत जेवढी मुकी नाणी, तेवढा थोरला घरात. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि सांगायचं तर आधी भाऊ आहे हे कबूल करावं लागलं असतं.

एका दिवशी त्यानं अर्धी सुट्टी टाकली आणि दुपारी घरी गेला.

जिन्यातच त्याला जाणवलं. आपल्या पावलांचा आवाज येत नाहीये.

दार ढकललं. एरवी ते कुरकुरायचं. आज नाही. आत पंखा फिरत होता, आवाज नाही. मोरीतला नळ ठिबकत होता, थेंब पडताना दिसत होता, आवाज नाही. आजी ओट्यापाशी उभी राहून ओठ हलवत होती. खुर्चीकडे बघून बोलत होती, हसत होती... एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

पाठमोरं. एक खांदा खाली. मान किंचित वाकडी.

"दादा," मामा म्हणाला.

जीभ हलली, घसा हलला. शब्द बाहेर आलाच नाही.

खुर्चीतला माणूस वळला नाही. त्यानं फक्त मान थोडी वर केली. आपल्याला हाक मारलेली कळावी, पण ओ द्यावी की नाही हे ठरत नसावं, तशी.

मामा उंबऱ्यातूनच मागे फिरला. खाली रस्त्यावर आला तेव्हा एकदम गाड्यांचे हॉर्न, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, सगळं कानावर आदळलं. संध्याकाळपर्यंत तो एका बाकावर बसून राहिला. उद्या जाऊ, समोर जाऊन बसू, तोंड बघू, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादम चाचणीच्या खोलीत आला.

"तुझी पेटी भरली की रे काठोकाठ. नाणी वाटायचा समारंभ तोंडावर आलाय आणि चांदी कमी पडतेय. चल, ओत."

"उद्या ओततो."

"उद्या कशाला? पेटीत काय अंडी उबवायला ठेवलीयेस?"

सगळे हसले. मामाही हसला.

तो एवढंच म्हणू शकला असता की ही नाणी ठेवा. मुकादमानं विचारलं असतं, का? मग? मग साहेब, मग चौकशी, मग खोटं बोललास ते का. त्यानं मनात सगळं म्हणून पाहिलं. तेवढ्यात हातांनी पेटी उचललीसुद्धा होती. इतक्या वर्षांची सवय. पाय आपोआप भट्टीकडे चालत गेले.

मूस लाल झाली होती. बाजूला मुकादम, भट्टीवाले, भिंगवाला. सगळे बघत होते.

मामानं पेटी तिरकी केली.

आणि तेव्हा...

प्रत्येक नाणं वाजलं.

एकूण एक. खणखणीत, स्वच्छ, एकावर एक. इतक्या दिवसांत दाबून धरलेला सगळा आवाज एका दमात बाहेर आल्यासारखा. मामाच्या कानांत दडे बसले. त्यानं आजूबाजूला पाहिलं. मुकादम जांभई देत होता. भिंगवाला भिंग पुसत होता. कुणी मानही वर केली नाही.

चांदी खाली बसली. पृष्ठभाग गुळगुळीत झाला.

तो घरी पोचला तेव्हा सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. फरशीभर पाणी. ओल्या चादरी, ओले टॉवेल, पालथी बादली. आजी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, चिंब भिजलेली. तिचे दोन्ही तळवे भाजले होते. फोड आले होते.

"आज बोलला," ती म्हणाली.

मामानं विचारलं नाही काय बोलला.

"आधी म्हणाला, आई, उकडतंय गं. मी पंखा वाढवला. खिडक्या उघडल्या. मग म्हणाला, पाणी. मी पाणी ओतलं. ओतत राहिले. मग ओरडायला लागला रे..."

तिनं भाजलेले तळवे ओल्या पदरात गुंडाळले.

"तुझं नाव घेऊन ओरडत होता. त्याला थांबव, त्याला थांबव, म्हणत होता. कुणाला थांबवू, मला कळेना." तिनं वर पाहिलं. "तू कुठे होतास?"

"कामावर," मामा म्हणाला.

त्यानं तिच्या हातांना मलम लावलं. फरशी पुसली. खुर्ची जागेवर ठेवली. खुर्चीची पाठ अजून गरम होती.

नंतर आजी अंथरुणाला खिळली आणि पाऊस सुरू व्हायच्या आत गेली. शेवटपर्यंत तिनं मामाला पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. काही वर्षांनी राजा बेटावर वारल्याची बातमी आली. त्याच्या नोकराबद्दल त्यात एक ओळही नव्हती. थोरला त्या उन्हाळ्यात जिवंत होता, की आधीच मेला होता, की... मला नाही माहीत. मामालाही नाही. ती नाणी आजही जुन्या बाजारात मिळतात. मी हातात घेतलेली नाहीत.

मामाचं सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "मग तू नोकरी सोडलीस?"

"सोडू कशाला? दुसऱ्या दिवशी त्या ओतलेल्या चांदीची नाणी आली ना चाचणीला. मीच तपासली."

"आणि?"

मामानं पाण्याचा घोट घेतला.

"प्रत्येक नाण्यावर नोकर होता. मी एकेक टाकत होतो आणि मनात म्हणत होतो, वाजू नको. बाबा रे, वाजू नको. एक तरी मुकं निघ." त्यानं पेला खाली ठेवला. "सगळी चांगली निघाली. मुकादमानं पाठ थोपटली माझी."