भाजल्या मातीचा घाम

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडायचं होतं, म्हणून ताई दुपारी मऊ फडकं घेऊन पुतळ्यांवरची धूळ पुसायला दालनात आली. पुतळे तिनेच घडवलेले. गुडघाभर उंचीची मातीची माणसं, पोरंबाळं कडेवर घेऊन डोंगराकडे पाठ करून निघालेली. माती तिच्या गावची, डोंगराच्या पायथ्याची, भट्टीत खणखणीत भाजलेली.

पुतळ्यांमागचं भाकीतही तिथलंच. त्यांच्या जमातीत ते पिढ्यान्‌पिढ्या गायलं जायचं. आता ते पूर्ण पाठ असलेली एकटी आत्याच उरली होती. 'भाजल्या मातीला घाम फुटेल, त्या दिवशी डोंगराखाली निजू नका.' आत्येभावाने आईचा तो आवाज ध्वनिमुद्रित करून दालनाच्या कोपऱ्यांत स्पीकर बसवले होते. "हे सगळं रूपक आहे," असं ताई पाहुण्यांना समजावून सांगायची.

पहिल्याच पुतळ्यावरून हात फिरवला आणि फडकं ओलं झालं.

"पाणी कुणी मारलं रे याच्यावर?"

"कोण मारतंय?" तारा गुंडाळता गुंडाळता आत्येभाऊ म्हणाला. "हवा दमट असेल."

दालनाच्या व्यवस्थापक बाईंनी हवा कोरडी करणारं यंत्र लावून दिलं. भिंती कोरड्याठाक होत्या, काचा कोरड्या होत्या. पुतळ्यांच्या कपाळांवर मात्र बारीक थेंब धरत होते, गळ्यावरून हळूहळू ओघळत होते. ताईने पुसावं आणि ते पुन्हा फुटावेत. दालनभर वास पसरला. कुदळीने खोल खणल्यावर येतो तसा, मुळांचा, कधी ऊन न लागलेल्या मातीचा.

"ताई..." भाऊ उठून जवळ आला. त्याने एका पुतळ्याला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "हा गरम आहे गं. अंगात ताप असावा तसा."

गावाला काय सांगायचं? शहरात पुतळ्यांना घाम आलाय, घरं सोडा? लोक तोंडावर हसले असते. पण हसं झालं तर झालं. ताईने आत्याला फोन लावला. लागेना. शेजाऱ्यांना लावला, तोही लागेना.

"चल," ती म्हणाली.

"आणि उद्घाटन?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही करा," ती म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या.

भाऊ गाडी चालवत होता. ऊन कलंडलं, रस्ता चढाला लागला, आणि ताईचा फोन वाजला.

"पोरी, डोंगर आला गं खाली," आत्या म्हणत होती. आवाज थकलेला, पण शांत. "सगळी घरं गेली. माणूस मात्र एक दगावलं नाही. आम्ही सकाळीच पलीकडच्या टेकडीवरच्या शाळेत आलो."

"तुझी आई बरी आहे, सगळे बरे आहेत," ताईने भावाला सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली, कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि हुंदका दिला.

"पण आत्या, तुम्हाला कळलं कसं?"

"अगं, तूच नाही का ती बाई पाठवलीस? उजाडता उजाडता दार ठोठावत फिरली. घरोघरी. तुझं नाव सांगितलं, म्हणून तर निघालो सगळे."

"मी... मी कुणालाच पाठवलं नाही."

"असं कसं? ही काय, माझ्याशेजारीच बसलीय. चिखलाने नुसती माखलीय बिचारी, चेहरासुद्धा दिसत नाही. थांब, तिलाच देते."

फोन हातातून हातात गेल्याची खसखस झाली. कुणीतरी सावकाश श्वास घेतला. मग आवाज आला, जरासा घोगरा, घशात धूळ गेल्यासारखा. पण ताईने तो लगेच ओळखला. तो तिचा स्वतःचाच होता.

"आता इकडे येऊ नकोस," तो मायेने म्हणाला. "इथं मी आहे ना."