चौथा नंबर

मी हार्डवेअरच्या दुकानात रुमालात गुंडाळलेला टाइलचा तुकडा घेऊन उभी होते. मागून कुणीतरी म्हणालं, "ज्याने ही फोडली त्याला धड फोडताही येत नाही."

वळून पाहिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे चपटी पेन्सिल, केसांवर पांढरी धूळ. आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते. तेव्हा मी चिडलेली होते.

"तुम्हाला विचारलं कुणी?"

"नाही," तो म्हणाला. "पण तुकडाच सांगतोय सगळं."

चिडायला कारण होतं. बाबा पडले होते, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दहा दिवसांनी ते घरी येणार होते आणि डॉक्टरांनी मला बजावलं होतं — बाथरूममध्ये उंबरा नको, फरशी घसरडी नको, धरायला दांडे हवेत. पुन्हा पडले तर पुन्हा उभे राहतीलच असं सांगता येत नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. म्हणून मी घाईघाईने एका गोडबोल्याला काम दिलं. चकचकीत कार्ड, तोंडभर हसू. त्याने एका दिवसात सगळी बाथरूम फोडली आणि 'टाइल्स घेऊन येतो' म्हणून गेला तो गेलाच. कार्डावरच्या पत्त्यावर जाऊन पाहिलं, तर तिथे शिंप्याचं दुकान!

आणि गंमत ऐका, माणसं पडताळणं हीच माझी नोकरी. लोक नोकरीसाठी अर्ज करतात, ओळखीच्यांचे नंबर देतात, आणि मी त्या नंबरांवर फोन करून खरं-खोटं करते. दुसऱ्यांसाठी डोळ्यांत तेल घालून बसायचं, आणि स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला दुकानात उभ्या उभ्या सांगून टाकलं. रागात माझं तोंड थांबत नाही.

"मी मिस्त्रीच आहे," तो म्हणाला. "टाइल्स, नळ, गळती. करून देईन. पण आता तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका."

"म्हणजे?"

त्याने सिमेंटच्या पोत्याचा एक कागद फाडला, कानामागची पेन्सिल काढली आणि चार नंबर लिहिले. "आधी चौकशी करा. पहिले तिघं माझं कौतुक करतील. चौथा नंबर माझ्यावर रागावलेल्या बाईंचा आहे."

"रागावलेल्या माणसाचा नंबर कोण देतं?"

"कौतुक करणारे तर तुमच्या त्या गोडबोल्याकडेही असतील," तो म्हणाला. आणि हसला. हं, तेव्हा डोळे पाहिले. हसताना ते आधी हसतात आणि ओठ मागून येतात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोन घेऊन बसले. माझे तीन प्रश्न ठरलेले होते. माणूस वेळेवर आला का? काम पुरं केलं का? आणि त्याला पुन्हा घरात घ्याल का? या तिसऱ्या प्रश्नावर माणसं खोटं बोलू लागली की मला श्वासावरून कळतं.

पहिले निघाले दातांचे डॉक्टर. "त्याचं ड्रिल माझ्या ड्रिलपेक्षा कमी दुखवतं," म्हणाले. दुसरी होती एक नवी नवी आई, कुजबुजतच बोलत होती. "बाळ झोपलं की तो आवाजाचं काम थांबवायचा. चार दिवसांचं काम सहा दिवस चाललं. चिडले होते मी... पण पुन्हा घरात घेईन. उद्यासुद्धा." तिसऱ्याने फोनच उचलला नाही, त्याचा एक गुण मी मिस्त्रीच्या नावावरून वजा केला.

चौथ्या नंबरावर एका शाळेच्या निवृत्त हेडबाई होत्या.

"चोर नाही तो, हट्टी आहे!" त्या कडाडल्या. "मी म्हटलं भिंतीला वरून रंग मार. म्हणे, आतली ओल काढल्याशिवाय हात लावणार नाही. मी म्हटलं, तू मला शिकवणार? तर नमस्कार करून चालता झाला."

"त्यांना पुन्हा घरात घ्याल का?"

मग हेडबाई हळूच म्हणाल्या, "भिंत पुन्हा फुगलीय. घ्यावंच लागेल... मान खाली घालून."

इथे फोन ठेवायला हवा होता. पण माझ्या तोंडून चौथाच प्रश्न निसटला. "स्वभावाने कसे आहेत?"

"बाळ," हेडबाई म्हणाल्या, "ही चौकशी टाइल्ससाठीच चाललीय ना?"

मी कान लाल करून फोन ठेवला.

मिस्त्री कामाला आला त्या सकाळी मी त्याच्या ओळखपत्राचा फोटो काढला, पत्ता उतरवून घेतला, सामानाची पावती मागितली. त्याने सगळं शांतपणे पुढे केलं.

"झाली माझी चौकशी? आता तुमची."

"माझी कशाला?"

"मीही अनोळखी घरात येतोच की. तुमचे चार नंबर द्या. तीन कौतुकाचे, एक रागाचा."

"माझ्यावर कोण रागावणार?" मी म्हटलं.

"मग तुमची माहिती अपुरी आहे," तो म्हणाला, आणि पाटी उचलून आत गेला.

पुढचे दिवस... काय सांगू! ऑफिसमधून मी बस सुटणार नाही अशा बेताने पळत सुटायचे. स्वतःला सांगायचे की देखरेख करायची आहे. त्याने फरशीखाली ओल अडवणारा थर दिला, नाली बंद केली, बाथरूमभर दोन बोटं पाणी साठवलं आणि पाण्याच्या कडेने भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली. "उद्या पाणी याच रेघेवर असलं तर काम पक्कं," तो म्हणाला. मी रात्रीचं जेवण होईपर्यंत पाच वेळा रेघ पाहून आले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही दारात गुडघ्यांवर बसून वाकून पाहत होतो. त्याच्या बाहीला ओल्या सिमेंटचा वास होता आणि माझं लक्ष... रेघेवर होतं असं म्हणू या.

"हलली नाही," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. पण तो रेघेकडे बघत नव्हता.

टाइल्स बसल्यावर तो गेला की मी एकेक टाइल नाण्याने वाजवून पोकळ आहे का पाहायचे, आणि शंका आली तिथे पेन्सिलने बारीकसं प्रश्नचिन्ह काढायचे. सकाळी त्याने ती टाइल उखडून पुन्हा बसवलेली असायची. एकदा मात्र प्रश्नचिन्हाखाली उत्तर होतं — 'ही भरीव आहे. कान तपासा.' मी ते दोन दिवस पुसलं नाही.

शेवटच्या दिवशी तो आलाच नाही.

मी सुट्टी काढून घरी थांबले होते. फक्त दांडे बसायचे राहिले होते आणि बाबा उद्या सकाळी येणार होते. दहा वाजले, अकरा वाजले. फोन लावला, बंद. बारा वाजता पुन्हा बंद. त्याची अवजारांची पिशवीसुद्धा जागेवर नव्हती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आणि मी तर या वेळी फुंकून, गाळून, चार ठिकाणी विचारून प्यायले होते! राग त्याचा नव्हता... खरं सांगू? राग माझाच होता, कारण मला रडू दांड्यांसाठी येत नव्हतं.

त्या रागात मी करू नये ते केलं. त्याच्या ओळखपत्राचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — 'सावध राहा. हा मिस्त्री काम अर्धवट टाकून पळाला आहे.'

चार वाजता गेटवरून वॉचमनचा फोन आला. "ताई, तुम्ही फोटो टाकला ना, तो माणूस आलाय. सोडला नाही मी! बसवून ठेवलाय."

मी तीन जिने चपलेविना उतरले. तो वॉचमनच्या स्टुलावर बसला होता. मांडीवर स्टीलचे दोन दांडे, हातात वॉचमनचाच मोबाइल, आणि मोबाइलवर तो स्वतः.

"फोटो बरा नाही आला," तो म्हणाला. या वेळी डोळे हसले नाहीत.

"तुम्ही... कुठे होता?"

त्याने खिशातून एक सुतळी काढली. तिला दोन गाठी होत्या. "हॉस्पिटलात. तुमच्या वडिलांकडे. दांडा किती उंचीवर लावायचा ते छापलेलं मिळतं. पण काकांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे छापणाऱ्याला कुठे माहीत? त्यांना उभं करून मोजलं. खालची गाठ बसताना, वरची उठताना. वॉर्डात फोन बंद करायला लावला आणि मग दांडे शोधत फिरताना चालू करायचा राहिला. कळवायला हवं होतं. तेवढी चूक माझी."

मी तिथेच ग्रुपवर लिहिलं — 'मिस्त्री पळाले नव्हते. चूक माझी आहे. माफी मागते.' वॉचमनने ते मोठ्याने वाचून दाखवलं, जसं काही मला ऐकू येत नव्हतं.

मिस्त्रीने वर येऊन दांडे बसवले. त्या दोन तासांत तो फक्त दोनदा बोलला, आणि दोन्ही वेळा मला 'मॅडम' म्हणाला. आजवर एकदाही म्हणाला नव्हता. जाताना म्हणाला, "उद्या येऊन जाईन. धरणाऱ्याने धरून पाहिल्याशिवाय माझं काम संपत नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा आले. वॉकर टेकवत थेट बाथरूमच्या दाराशी गेले, दांड्यावर हात ठेवला. हात न ताणता, न वाकता बरोब्बर तिथेच पोचला. दार लोटलं गेलं. मी आणि मिस्त्री बाहेर श्वास रोखून उभे. आतून पाण्याचा आवाज, मग काहीच नाही... मग दार उघडलं आणि बाबा स्वतःच्या पायांवर बाहेर आले. दीड महिन्यात पहिल्यांदा कुणाच्याही खांद्यावर हात न ठेवता.

"सुतळीवाला आहे का गेला?" त्यांनी विचारलं. "काल आला तेव्हा तासभर उलटतपासणी घेतली मी त्याची. घरचं, दारचं, सगळं. उत्तीर्ण आहे." आणि माझ्याकडे तिरकं बघत ते खोलीत गेले.

मिस्त्रीने पिशवी खांद्याला लावली. "येतो, मॅडम."

"थांबा." मी पोत्याचा कागद पुढे केला. त्याचाच, मागची कोरी बाजू. रात्रीच लिहून ठेवला होता. "तुम्ही मागितले होते. माझे चार नंबर."

त्याने वाचलं. "पहिला काकांचा. दुसरा ऑफिसचा. तिसरा..."

"हेडबाईंचा. काल फोन केला होता त्यांना. मला खूप ओरडल्या. तुम्हालाही बोलावलंय, भिंत फोडायला."

आणि मग तो थांबला. "चौथा नंबर माझा आहे."

"रागावलेल्या माणसाचा हवा होता ना," मी म्हटलं. "सध्या तो हक्क तुमचाच आहे. विचारा त्याला. काय सांगायचं ते खरं सांगू दे."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग त्याने हाताचा फोन करून कानाला लावला.

"हॅलो? एका मुलीची चौकशी होती. वेळेवर येते का?... हो? ऑफिसातून पळत?" त्याला ते माहीत होतं तर! "काम पुरं करते?... रेघ पाच-पाच वेळा बघते म्हणता." माझा तिसरा प्रश्न त्याला त्या बाळाच्या आईने सांगितला असणार, कारण त्याने तो शब्दाला शब्द विचारला, अगदी हळू. "तिला पुन्हा घरात घ्याल का?"

मी त्याच्या श्वासाकडे कान लावले. नोकरीची सवय.

"तो म्हणतोय," मिस्त्री म्हणाला, आणि त्याचे डोळे ओठांच्या आधी हसले, "पुन्हा म्हणजे काय? एकदा तरी येऊ दे तिला. घरी माझी आई वाट बघतेय चार दिवसांपासून."

श्वास खरा होता.