दुसरी डिस्क

आधीच सांगतो, ही घटना खरी आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू, माझं काही अडत नाही.

पण ज्या बाईच्या गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ मी स्वतः पाहिले, ती माझी मावसबहीण आहे.

तिचं नाव पूर्णिमा. राहायला कर्वेनगरला, एका साध्या सोसायटीत. घरात ती आणि तिचा नवरा रणजित, दोघंच.

आणखी एक. भुताच्या गोष्टी रात्रीच्याच असतात असं तुम्हाला वाटत असेल. ही भरदुपारची आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीतली. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या...

आणि वर माझ्या बहिणीचा गळा आवळला जात होता.

रणजित शाळेत भूगोल शिकवतो. इतक्या गरीब स्वभावाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वर्गात पोरं डोक्यावर बसतात आणि हा त्यांना नद्यांची नावं समजावत राहतो. घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन गॅलरीतून सोडून देतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पूर्णिमावर त्याने आवाज चढवलेला आम्ही कोणी ऐकला नाही.

त्याच्याकडे एक कॉम्प्युटर होता. सदाशिव पेठेतल्या एका दुकानातून सेकंडहँड घेतलेला. त्यावर तो प्रश्नपत्रिका काढायचा. दोन बोटांनी, एकेक अक्षर तोंडाने म्हणत. दिवाळीच्या सुमारास स्क्रीनवर सारखी सूचना यायला लागली, की या जुन्या विंडोजला आता अपडेट मिळणार नाहीत आणि नवीन विंडोज या मशीनवर चालणार नाही.

पूर्णिमाचा धाकटा भाऊ बुद्धभूषण हिंजवडीत आयटीत आहे. तो म्हणाला, "दाजी, मशीन चांगलंय. फेकू नका. मी विंडोजऐवजी लिनक्स टाकून देतो, मस्त पळेल."

रविवारी जेवणं झाल्यावर तो पेनड्राइव्ह लावून बसला. थोड्या वेळाने त्याने मान वर केली.

"दाजी, यात दोन डिस्क आहेत?"

"एकच आहे."

"दोन आहेत. दुसरी आधीच्या मालकाची दिसतेय. त्याच्याकडेपण लिनक्स होतं, म्हणून विंडोजला ती कधी दिसलीच नाही."

म्हणजे इतकी वर्षं ती डिस्क त्यांच्या घरात होती. कॉम्प्युटर लावला की तीही फिरायला लागायची...

फक्त दिसत नव्हती.

"पुसून टाकू?" बुद्धभूषणने विचारलं.

रणजितने जरा विचार केला. "आपल्याला जागा पुरतेय ना? मग राहू दे. कोणाचे फोटो असतील. मालक सापडला तर देऊन टाकू."

चुकलं ते इथे. चांगुलपणाने चुकलं, आणि याचाच मला जास्त राग येतो.

बुद्धभूषणने रणजितच्या नावाचं नवीन खातं उघडलं. मग सहज म्हणून दुसऱ्या डिस्कवरच्या फोल्डरवर क्लिक केलं. परक्या माणसाचा फोल्डर, परवानगी नाही म्हणून मशीन अडवेल असं त्याला वाटलं होतं.

फोल्डर लगेच उघडला.

"असा कसा उघडला?" पूर्णिमाने विचारलं.

"ताई, हे मशीन नावाला विचारत नाही. आतून प्रत्येकाला एक नंबर देतं. पहिल्या माणसाला कायम ठरलेला नंबर. त्याला तोच मिळाला होता, दाजींनापण तोच मिळाला. म्हणजे मशीनच्या दृष्टीने तो माणूस आणि दाजी एकच."

"मग त्याचं सगळं आता माझं?" रणजितने हसत विचारलं.

"सगळं."

तिघंही हसले.

फोल्डर रिकामा होता. एक फोटो नाही, एक फाइल नाही...

पण डिस्क काठोकाठ भरलेली दाखवत होती.

"काहीतरी चुकीचं मोजतंय," असं म्हणून बुद्धभूषण चहा प्यायला आणि घरी गेला.

सोमवारी दुपारी पूर्णिमा फराळाचे रिकामे डबे पुसून ठेवत होती. आतल्या खोलीत रणजित नव्या सिस्टिमशी झटापट करत होता. "मराठी अक्षरं कुठे गेली, पूर्णा? इथला कीबोर्डच निराळा आहे." मधेच गुणगुणणं, मधेच कुरकुर.

मग कुरकुर थांबली.

गुणगुणणंही थांबलं...

आणि टाइपिंग सुरू झालं. सलग. दहा बोटांचं.

पूर्णिमा दारात गेली. रणजित खुर्चीत बसला होता, पण मान खिडकीकडे होती. खालचं क्रिकेट बघत होता. हात मात्र कीबोर्डवर धावत होते. स्क्रीनवर काळी चौकट होती आणि तिथे पासवर्ड विचारला होता. लिनक्सची ही एक रीत आहे. त्या चौकटीत पासवर्ड टाकताना काही उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. त्यामुळे बोटं काय लिहीत होती ते कळायला मार्ग नव्हता.

रणजितचा पासवर्ड अगदी छोटा होता. हा संपतच नव्हता...

शेवटी एंटर वाजलं. मशीनने पासवर्ड मान्य केला.

"अहो, काय टाकलंत?"

रणजितने वळून तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "मी काही नाही टाकलं, पूर्णा."

ती हसण्यावारी नेणार होती. पण त्याचा चेहरा पाहून तिला हसू आलं नाही.

बुधवारी आतून आवाज आला. फटकन. थोबाडीत मारल्यासारखा.

मग दुसरा.

मग एकामागून एक...

ती धावत गेली. खोलीत रणजित एकटाच होता. गाल सुजले होते. ओठ फुटून रक्त शर्टावर ओघळलं होतं. दोन्ही हात मात्र मांडीवर शांत पडले होते.

"अहो, काय झालं हे? पडलात का?"

रणजित रडत होता. "ते मला मारायला उठले नव्हते, पूर्णा. खुर्चीतून उठून तुझ्याकडे निघाले होते. मी अडवलं, म्हणून मला मारलं."

"कोण निघाले होते?"

त्याने हात पुढे केले.

पूर्णिमा घाबरट नाही. तिने सरळ जाऊन प्लग उपसला. स्क्रीन काळी झाली. मशीनचा पंखा बंद पडला.

पण खोक्याच्या आत काहीतरी फिरतच राहिलं. बारीक घर्र... घर्र...

तिने रणजितला हॉलमध्ये आणलं, खोलीला बाहेरून कडी घातली आणि भावाला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "ताई, दाजींना टेन्शन आलंय शाळेचं. डॉक्टरांना दाखव. मी शनिवारी येतो," म्हणाला. त्याला दोष देत नाही. मीही हेच म्हणालो असतो.

गुरुवारी दुपारी ती ओट्याशी चहासाठी आलं ठेचत होती. लोखंडी खलबत्ता होता. रणजित हॉलमध्ये सोफ्यावर बसला होता.

बंद खोलीतून टाइपिंगचा आवाज आला.

तिने हॉलमध्ये डोकावलं. रणजितची बोटं स्वतःच्या गुडघ्यांवर आपटत होती. बोट आपटलं की आत कीबोर्ड वाजत होता...

मग टाइपिंग थांबलं. रणजित उठून उभा राहिला. आपल्या पायांनी नव्हे, हातांनी त्याला ओढून उभं केलं. दोन्ही हात पुढे ताणलेले आणि तो मागे रेटा देत होता. चप्पल फरशीवर घासत होती.

वाटेत कपाट होतं. त्याने कसाबसा डावा हात कपाटाच्या दाराच्या फटीत घातला आणि अख्खं अंग दारावर आपटलं.

कडकन आवाज आला.

त्याने पुन्हा आपटलं. त्याच्या तोंडून किंकाळी फुटली. बोटं वाकडी होऊन लोंबायला लागली. पण उजवा हात थांबला नाही.

"पूर्णा, पळ," तो म्हणाला. "मला धरवत नाही. पळ."

स्वयंपाकघराला एकच वाट होती, आणि त्या वाटेत तो उभा होता.

उजव्या हाताने तिचा गळा धरला. तिला भिंतीवर दाबलं. डबे खाली कोसळले. मोडक्या बोटांचा डावा हातही वर चढला आणि मानेमागून आवळायला लागला. तिचे पाय फरशीवरून सुटले. पूर्णिमा काही काडीपैलवान नाही, आणि रणजितला तर भरलेला सिलिंडर सरकवता येत नाही. त्याने तिला उचललं होतं.

तिच्या डोळ्यांसमोर त्याचा चेहरा होता. घामाने डबडबलेला, रडणारा, तिच्या नवऱ्याचा.

"मार," तो म्हणत होता. "हातावर मार. पूर्णा, मार ना."

बत्ता तिच्या मुठीतच होता. तिने तो त्याच्या मनगटावर घातला.

पकड सुटली नाही.

पुन्हा घातला. रक्त उडालं. पकड आणखी घट्ट झाली.

"थांबू नकोस," तो ओरडला.

डोळ्यांपुढे अंधार येत असताना तिने उरलंसुरलं बळ लावून तिसरा घाव घातला. हाड मोडल्याचं तिला हातात जाणवलं. पंजा लुळा पडला आणि डाव्या हाताची पकडही सुटली. दोघंही फरशीवर कोसळले, आणि तो तिथेच, मोडक्या हातांनी, तिची माफी मागत राहिला.

दवाखान्यात दोघांनी एकच खोटं सांगितलं, जिन्यावरून पडलो. मी पोहोचलो तेव्हा ती बाकावर बसली होती. आवाज निघत नव्हता. ओढणी जरा सरकली आणि मी ते वळ पाहिले.

शुक्रवारी ती त्या हालतीत सदाशिव पेठेत गेली. एकटीच गेली. मी येतो म्हटलं, तर नको म्हणाली.

"हे मशीन आधी कोणाचं होतं?" तिने पावती दाखवून बसक्या आवाजात विचारलं.

"आमचं होतं. आता तुमचं आहे," दुकानदार म्हणाला. "विकलेला माल परत घेत नाही. पाटी लावलीय, वाचा."

"परत द्यायचं नाही. त्यात दुसरी डिस्क निघाली."

"जास्तीची डिस्क फुकट गेली, त्याची तक्रार घेऊन आलात?"

पूर्णिमाने ओढणी सोडली.

दुकानदार बघत राहिला. मग त्याने नजर खाली वळवली. "एक बाई विकून गेली होती. भर उन्हाळ्यात गळ्याला असंच गुंडाळून आली होती. म्हणाली, मशीन घ्या, पण दुसरी डिस्क फोडून टाका."

"मग?"

"चालू डिस्क कोण फोडतं, बाई? मी हो म्हटलं आणि तशीच ठेवली."

"तिचा नवरा?"

"ते आम्ही कशाला विचारतोय."

त्या बाईचं नाव, पत्ता काहीच मिळालं नाही.

शनिवारी बुद्धभूषण आला. बहिणीचा गळा पाहिल्यावर त्याने सरळ स्क्रूड्रायव्हर मागितला. मग आम्ही दोघांनी डिस्क काढली, गच्चीवर नेली आणि हातोड्याने तिचा चुरा केला. किंकाळी नाही, धूर नाही, काही नाही. नुसते पत्र्याचे तुकडे. कॉम्प्युटर भंगारात दिला.

त्यानंतर हात शांत झाले. रणजित पुन्हा पूर्वीसारखा वागायला लागला. दोन्ही हात प्लास्टरमध्ये, म्हणून पूर्णिमा त्याला भरवायची आणि तो लहान पोरासारखा लाजायचा. आम्हाला वाटलं, सुटलो.

प्लास्टर काढायच्या दिवशी डॉक्टरांनी नवीन एक्सरे उजेडावर धरला.

"छान जुळलंय," ते म्हणाले. मग थांबले. चष्मा काढून परत लावला. "या मनगटाला आधीही मार लागला होता का? इथे जुनं मोडलेलं हाड जुळलेलं दिसतंय. बऱ्याच वर्षांपूर्वीचं असावं. पहिल्या एक्सरेत कसं दिसलं नाही मला?"

रणजितचं हाड उभ्या आयुष्यात मोडलेलं नव्हतं.

"पडला होतात का कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडलो नव्हतो," रणजित म्हणाला. अगदी शांतपणे. "तिने मारलं होतं."

डॉक्टर पूर्णिमाकडे बघून हसले. नवरा बायकोची चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं. पूर्णिमाही हसली. दुसरं काय करणार होती ती?

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "अहो, कोणी मारलं होतं?"

"कोणाला?" रणजितने विचारलं. त्याला काही आठवत नव्हतं. रिक्षात बसल्यावर त्याने तिचा हात हातात घेतला. त्याच उजव्या हातात. तिने सोडवला नाही.

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "ऊठ, बॅग भर. माझ्याकडे कात्रजला चल."

"आणि त्यांना एकटं टाकू?" ती म्हणाली. "मला वाचवायला त्यांनी स्वतःची बोटं मोडून घेतली रे."

मी एकटाच परत आलो.

रोज सकाळी मी तिला फोन करतो. ती "बोल" म्हणेपर्यंत मला बसवत नाही...