ड्रायव्हरच्या बाजूचं दार

व्हर्ना लिंडक्विस्टबाई गुप्तहेर वेंडेलच्या कचेरीत आल्या तेव्हा त्याला जांभई आवरत नव्हती. कोपऱ्यातली खुर्ची त्यानं पुढे सरकवली. बाई बसल्या त्या अशा, की आता पुन्हा उठायला नको.

त्यांचा नवरा ऑरिन ऑक्सिजनच्या यंत्रावर होता. शरदात वारा सुटला की वीजकंपनी वणव्याच्या भीतीनं लाईन बंद करते, म्हणून गॅरेजच्या भिंतीवर त्यांनी मोठी बॅटरी बसवून घेतली होती. आता नगरपालिकेची नोटीस आली होती. गॅरेजात एक गाडी उभी राहील एवढी जागा मोकळी हवी, आणि बॅटरीनं ती खाल्ली. महिन्याभरात काढा.

"निनावी तक्रार आहे," बाई म्हणाल्या. "कोणी केली तेवढं शोधा. मी त्याचे पाय धरीन. ती बॅटरी गेली तर ऑरिनही गेला समजा."

इनेझ बॅरागान ही वेंडेलची भागीदारीण. गुप्तहेर होण्याआधी तिनं नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या खिडकीवर उमेदीची वर्षं घालवली होती. तिनं तिथल्या जुन्या ओळखीच्या कारकुनाला फोन लावला. नाव त्याच्याकडेही नव्हतं, पण मजकूर त्यानं वाचून दाखवला: "गाडी आत लावली की ड्रायव्हरच्या बाजूचं दार बॅटरीला अडतं. माणूस उतरू शकत नाही."

"बस, एवढंच?" इनेझनं विचारलं. एवढंच होतं.

दोघांनी जाऊन गॅरेज पाहिलं. या गावात गॅरेजात गाडी सोडून सगळं असतं, तसंच इथं. नाताळची खोकी, शिडी, मोडका फ्रीज. छतावरून दोरीला एक टेनिसचा चेंडू लोंबत होता, काचेला लागला की गाडी थांबवायची, म्हणून. चेंडू कोराकरकरीत होता.

"हा नवा दिसतोय," इनेझ म्हणाली.

बाई ओशाळल्या. वणव्याची राख पडत होती, त्या दिवशी ऑरिननं हट्ट धरला, गाडी आत घे. खोकी त्यांनी एकटीनं बाहेर काढली, चेंडूही टांगला. आयुष्यात तेवढी एकदाच गाडी आत गेली.

"आणि मी अडकले! गिअरवरून सरपटत पलीकडून उतरले. हा गॅरेजच्या दारात नाकाला नळी लावून उभा, हसतोय. लाजेनं कोणाला सांगितलं नाही."

वेंडेललाही हसू आलं. इनेझ हसली नाही.

शेजारी गस टॉलिव्हर कुंपणाशीच भेटला. लिंडक्विस्टांच्या पाणी तापवायच्या यंत्राची घरघर त्याला रात्रभर छळायची, आणि ती तक्रार त्यानं स्वतःच्या नावानिशी केली होती. निनावी कशाला करू, म्हणाला, मी काय भितो? राखेच्या दिवशी तो समुद्राकाठी बहिणीकडे होता. "त्यांची गाडी दारातच असते. आत जाताना मी कधी पाहिली नाही."

दुसरा संशय वुकासिनवर, विजेची कामं घेणाऱ्यावर. त्याला डावलून बॅटरीचं काम दुसऱ्याला दिलं होतं. गॅरेज त्यानं एकदाच, सामानानं भरलेलं पाहिलं होतं. बॅटरी बाहेरच्या भिंतीला लावा, असं तेव्हाच सांगितल्याचं तो तणतणत म्हणाला. "मला तक्रार करायची असती तर किती इंच कमी पडतात ते लिहिलं असतं."

"वुकासिनच," गाडीत बसल्यावर वेंडेल म्हणाला. "काम गेलं, सूड उगवला."

"पुन्हा लिंडक्विस्टांकडे घे," इनेझ थकून म्हणाली. "हे काम मला नकोच होतं."

ऑरिन खिडकीशी बसला होता. इनेझ त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"टॉलिव्हर असता तर घरघरीवर लिहिलं असतं. वुकासिननं इंच लिहिले असते. या तक्रारीत एकही माप नाही. आहे ते फक्त दार. दार अडतं हे कोणाला कळेल? ज्यानं गाडी आत उभी पाहिली त्यालाच. ती एकदाच गेली, आणि तेव्हा दोघंच होते. एक गाडीत, एक दारात. गाडीतल्या बाईंनी मला शोधायला लावलं."

वेंडेलनं डोक्याला हात लावला. आपलेच दात, आपलेच ओठ.

"अरे, का?" व्हर्नाबाईंनी विचारलं. "मरायचंय तुला?"

"नाही गं." ऑरिननं दम घेतला. "रात्री चारदा उठून नळी तपासतेस. जिन्यात उभ्या उभ्या डुलक्या घेतेस. बॅटरी आहे तोवर तू हे घर सोडणार नाहीस. आपल्या लेकीच्या, मॅरेनच्या गावात ते वृद्धांचं घर आहे, नर्स असतात तिथे..."

"घरातच मरेन, असं तूच म्हणालास!"

"ते आजारपण नवीन होतं तेव्हा. तू थकली नव्हतीस."

"बॅटरी बाहेरच्या भिंतीवर हलवता येते," इनेझ हळूच म्हणाली. "नियम आड येत नाही. परवाना मी आणून देईन. काय ते तुम्ही ठरवा."

मग बाई ऑरिनच्या खुर्चीच्या हातावर टेकल्या.

"मला झोपायचंय, ऑरिन," त्या म्हणाल्या. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. दोघांना खोली एकच मिळेल ना?"

"मिळते. मी विचारलंय."

"आणि तिथं गॅरेज आहे?"

"नाही."

"बरं झालं," व्हर्नाबाई म्हणाल्या, आणि तिथंच त्याच्या खांद्यावर त्यांचा डोळा लागला.