दोन पात्यांची होडी

"आमटी करताय का होडीची?"

ईशानीनं मान वर केली. पालथ्या होडीच्या पलीकडे एक उंच मुलगा उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांत अडकलेल्या अक्षता, हातात कागदी द्रोण. कुणाच्या तरी साखरपुड्यातून सटकून तळ्याकडे आलेला पाहुणा, हे कुणालाही कळलं असतं. द्रोणातला शेवटचा गुलाबजाम तोंडात टाकत तो तिच्या हातातल्या चिंचेच्या गोळ्याकडे टक लावून बघत होता.

"आमच्या घरचे देव चिंचेनंच चमकतात," ती फणकाऱ्यानं म्हणाली.

"देव पितळेचे असतात हो. ही फायबरची." त्यानं होडीवरून बोट फिरवलं. बोटाला खडूसारखी पांढरी भुकटी लागली. "वर्षानुवर्षं उन्हात पडून वरचा थर मेलाय. त्याच्या खाली अजून चमक आहे. चिंचेनं ती नुसती आंबट होईल."

"तुम्हाला बरं सगळं माहीत, भिया!"

"देवासला आमचं फायबरचं वर्कशॉप आहे. मी अजेय. आणि ते भिया... जरा नको."

"का? माळव्यात भाऊ, दादा, सगळेच भिया असतात."

"असू देत सगळे," तो म्हणाला, आणि उगाचच तळ्याकडे बघायला लागला.

ईशानीला राग यायला हवा होता. आलाही होता, पण गालातल्या गालात हसू येत असलं की राग फार वेळ टिकत नाही, ही तिची जुनी अडचण.

त्यात ती पुरती अडकलेली होती. धारच्या एका शाळेत ती खेळ शिकवायची. तिच्या अकरा मुलींना होडी वल्हवायला शिकायचं होतं, आणि होडी होती ही एकच, तळ्याकाठी वीस वर्षं पालथी पडलेली. तळ्याच्या समितीचे अध्यक्ष भैयासाहेब नात्यानं तिचे चुलते. त्यांनी बैठकीत जाहीर केलं की होडीला ऑइलपेंट मारायचा, आत माती भरायची, झेंडू लावायचा आणि बागेत सेल्फी पॉइंट करायचा. मुलींचं काय? नवी होडी आली की बघू. म्हणजे कधीच नाही! ईशानी ताडकन उठली. "रथसप्तमीपर्यंत थांबा, काका. रंगाचा एक थेंब न लावता हिला चमकवते. तुमची मिशी त्यात दिसली नाही, तर खुशाल झेंडू लावा." बैठक खो खो हसली. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या अकराही मुलींनी ते हसणं ऐकलं. आता माघार कशी घ्यायची?

"पण रंग का नको?" सगळं ऐकून अजेयनं विचारलं. "सोपं पडेल."

"रंग फासून कोण सुंदर होतं? जे आहे तेच चमकलं पाहिजे."

अजेयनं हातातला द्रोण खाली ठेवला. मग त्यानं बाह्या दुमडल्या. साखरपुडा त्या दिवशी उरकला, पाहुणे पांगले, हा मात्र धारमध्येच, आत्याच्या घरी राहिला. आत्याला म्हणाला, हवा मानवली. आत्या काय ते समजली आणि तिनं रोज चार पोळ्या जास्त लाटायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडण झालं. अजेय म्हणाला, होडी मी करून देतो. ईशानी म्हणाली, शब्द माझा आहे, हात माझा लागला पाहिजे. दोघंही मानी, ऐकणार कोण? शेवटी ईशानीनं चिकटपट्टी आणली आणि होडीच्या पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चिकटवली.

"डावीकडची थोरली पाती, माझी. उजवीकडची धाकटी, तुमची."

"देवासच्या माणसाला पात्या शिकवताय?" तो खदखदून हसला. देवास एके काळी दोन भावांत वाटलेलं, एकाच गावात दोन राज्यं आणि भर रस्त्यातून सरहद्द. थोरली पाती, धाकटी पाती हे तिथल्या मुलांना बाराखडीच्या आधी येतं. "माझ्या आजोळचे लोक अजून सांगतात, आम्ही थोरल्या पातीचे. मला धाकटी देताय?"

"सरस काम करा, मग थोरली म्हणू."

असा डाव मांडला गेला. होडी धुऊन कोरडी केली. मग बारीक काचकागद पाण्यात बुडवून घासायचं, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही. मग पॉलिशची मलई, शेवटी मेण. अजेय मशीन चालवायचा, ईशानी हातानंच घासायची. तिचे दंड भरून यायचे, पण ती सांगायची नाही.

"दमलात?"

"छे."

"मग हात का थरथरून राहिलाय?"

"थंडीनं."

"ऊन पडलंय, ईशानी..."

नुसतं ईशानी! पहिल्यांदाच. ती खाली मान घालून घासत राहिली आणि एकच जागा इतका वेळ घासली की तिथं तिला स्वतःचे लाल झालेले कान दिसायला लागले. चमक आली होती! ती ओरडली, तो धावत आला. दोघांनी वाकून बघितलं तेव्हा त्या वीतभर पांढऱ्या आरशात दोन चेहरे फार जवळजवळ दिसले. दोघंही एकदम सरळ झाले.

तीन दिवस उरले असताना ईशानी शाळेतून आली, तर मशीन बंद आणि अजेय दगडावर बसलेला. ती दिसताच तो उभा राहिला.

"माझ्याकडून वाटोळं झालं," तो म्हणाला.

उजव्या बाजूला, टोकाजवळच्या कडेवर, तळहाताएवढा थर जळून गेला होता. खालचे करडे तंतू उघडे पडले होते. कडेवर मशीन क्षणभर जरी जास्त थांबलं तरी असं होतं, हे त्यानंच तिला पहिल्या दिवशी बजावलं होतं.

ईशानीच्या डोळ्यांपुढे झेंडू आले. "तुमचं लक्ष कुठे होतं?"

"शाळा कधी सुटते त्याकडे." तो हसला नाही. "बारा वाजता झालं. समितीनं आणून ठेवलेला पांढऱ्या रंगाचा डबा तिथंच आहे. दोन मिनिटांचं काम होतं. तुम्हाला कळलंही नसतं. पण तो तुमचा शब्द होता... मला नाही जमलं."

बारा ते तीन. तीन तास हा माणूस आपल्याला सांगण्यासाठी नुसता बसून होता. तिनं एवढंच विचारलं, "सुधारेल?"

"सुधारेल. रंगानं नाही, ज्या थराची ही होडी आहे त्याच थरानं."

तो तसाच मोटारसायकलला किक मारून, इंदूर ओलांडून देवासला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमधलं सामान घेऊन परत आला. आइस्क्रीमच्या झाकणांवर त्यानं पाच पांढरे कालवले. जुन्या होडीचा पांढरा शोधणं सोपं नसतं. एक निळसर निघाला, एक पिवळट.

"यात थोडी साय हवी," ईशानी तिसऱ्याकडे बघत म्हणाली. त्यानं काडीच्या टोकानं पिवळा घातला. "अजून एक कण. बस!" जुळला. तिची नजर आणि त्याचा हात, दोघांचं मिळून पहिलं काम. थर भरून, वर प्लॅस्टिक लावून होतं न होतं तोच आभाळ दाटलं. माघातला मावठा, भर थंडीतला अवकाळी पाऊस! दोघांनी ताडपत्री उचलली आणि ओल्या थरावर धरून तासभर उभे राहिले. पाणी कोपरांवरून ओघळत होतं. चिकटपट्टी कधी सुटून वाहून गेली, कुणी बघितलंच नाही.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"थर धरतोय का ते."

"थर तिकडे आहे."

"हो का..." तो जरा थांबला. "एक विचारायचं होतं. पण आत्ता नाही, होडी पाण्यात गेल्यावर. आधी विचारलं तर मजुरी मागितल्यासारखं होईल."

त्या क्षणी त्या भिजलेल्या, हट्टी, मानी माणसाचा तिला इतका अभिमान वाटला की ताडपत्रीचं ओझं जाणवेनासं झालं.

रथसप्तमीच्या सकाळी भैयासाहेब आले. झेंडूच्या रोपांनी भरलेला टेम्पो त्यांच्या मागोमाग होता, इतकी त्यांना खात्री. होडी उन्हात झळाळत होती. ते वाकले. गालफडं हलवून बघितली, मिशीला पीळ दिला. होडीतल्या मिशीनंही दिला. मुलींनी टाळ्या पिटल्या. भैयासाहेब हात फिरवत होडीभोवती निघाले, आणि उजव्या टोकाशी त्यांची बोटं थांबली.

"इथं वेगळं लागून राहिलंय. रंग मारला का?"

टाळ्या थांबल्या. अजेय पुढे झाला, पण त्याच्याआधी ईशानी बोलली.

"रंग नाही, काका. नवा थर आहे. यांच्या हातून तिथं जळालं होतं. रंगाचा डबा तीन पावलांवर होता आणि बघायला कुणी नव्हतं. हे तीन तास माझी वाट बघत बसले, मला खरं सांगायला." तिची मान ताठ होती. "सगळ्या होडीत मला जास्त अभिमान याच जागेचा आहे. आणि या माणसाचा."

भैयासाहेबांनी चष्मा काढला. "माणसाचा... म्हणजे?"

"म्हणजे, होडी पाण्यात गेल्यावर हे मला काहीतरी विचारणार आहेत. माझं उत्तर सगळ्यांसमोर आधीच सांगते. हो."

भैयासाहेब दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग घसा खाकरून टेम्पोवाल्याला म्हणाले, "भिया, ये झेंडू घर ले जाओ. लग्नात लागेल."

अजेय कानांपर्यंत लाल झाला होता. "मी अजून विचारलं कुठे?"

"मग उचला ती बाजू," ईशानी म्हणाली. "मुली खोळंबल्यात."

दोघांनी दोन्हीकडून धरून होडी सुलटी केली, मुलींनी मागून ढकललं, आणि ती तळ्यात शिरली. चार मुली वल्ही घेऊन चढल्या. पहिला फटका चुकला, दुसरा चुकला, तिसरा लागला, आणि होडी काठापासून सुटली. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले होते तेव्हा गुडघाभर पाण्यात उभं राहून अजेयनं विचारलं. ईशानीनं दुसऱ्यांदा हो म्हटलं. या वेळी अगदी हळू, त्याच्यापुरतं.