डाव्या कानातलं गाणं

दार ढकलून तो आत आला आणि काउंटरवर हेडफोन ठेवत म्हणाला, "याची डावी बाजू गेलीय. दुरुस्त होईल ना?"

काउंटरमागून ती हसू आवरत म्हणाली, "हा कानांचा दवाखाना आहे."

"अरेच्चा... काचेतून हेडफोन दिसले, म्हणून..." तो ओशाळला. भिजलेल्या केसांतून पाणी टपकत होतं.

तिने सहज हेडफोन कानाला लावला. एक जुनं रॉक गाणं चालू होतं, आणि डावी बाजू चांगली खणखणीत वाजत होती. तिचं हसू मावळलं.

"आलाच आहात तर... बसा जरा."

तपासणीत कळायचं ते कळलं. छापखान्यातल्या यंत्रांशेजारी उभं राहून त्याचे दोन्ही कान थकले होते, डावा जास्तच.

"पण ते गाणं मला अख्खं ऐकू येतं," तो म्हणाला. "स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं. गायकाचा एक सूर इकडचा तिकडे होत नाही."

"ते तुम्हाला पाठ आहे. कान थांबतो तिथे तुमची आठवण गाते," ती हळुवारपणे म्हणाली. "तेच गाणं लोकांसमोर, कार्यक्रमात गायलेलं ऐकलंय?"

"एकदा. नाही आवडलं. ऐन रंगात गायक गप्पच होतो."

पुढच्या आठवड्यात तिने त्याच्या कानात मशीन बसवलं आणि तेच कार्यक्रमातलं गाणं लावलं. तो डोळे मिटून ऐकत राहिला. उंच सुराची जागा आली... आणि त्याने डोळे उघडले.

"गप्प नाहीये तो. हळू म्हणतोय. आणि लोक त्याला साथ देतायत."

त्याचे डोळे भरून आले होते. ती उगाचच कॉम्प्युटरकडे वळली.

मग मशीन जुळवून घ्यायच्या निमित्ताने तो येत राहिला. कधी आवाज मोठा वाटे, कधी बारीक. खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं.

"पुन्हा पुन्हा गायचं आणि चांगले तेवढे तुकडे जोडायचे," ती एकदा म्हणाली. "तुमचं ते स्टुडिओतलं गाणं म्हणजे गाणं की शिवणकाम?"

"आणि कार्यक्रमात दमून सूर सोडून द्यायचा, त्याला काय म्हणायचं?"

"खरं बोलणं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. तिने नजर खाली वळवली.

त्या दिवशी तो निघताना ती म्हणाली, "पुढच्या वेळेपासून तुम्हाला आमच्या मोठ्या मॅडम तपासतील."

त्याचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"नाही हो. पण... स्वतःच्या पेशंटबरोबर संध्याकाळी फिरायला जाता येत नाही. म्हणून."

त्याने डावा कान पुढे केला.

"काय म्हणालात? नीट ऐकू नाही आलं."

"आलंय. मशीन मीच बसवलंय."

"आलंय," तो हसला. "पण पुन्हा ऐकायचंय."

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज जरा कापरा झाला, तरी वाक्य तिने पुरं केलं.